मुका झालेला संगणक

बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत नांदूरघाट हें गांव आहे. तेथील एखाद्या घरीं संगणकाचा एक भाग बदलला. यंत्र सुरू झालें, चित्रहि उमटलें, परंतु आवाज कांहीं येईना, अशी कल्पना करावी. डोळस माणसाची यांत गैरसोय होते. पण घरांत दृष्टिहीन मनुष्य असेल, तर त्याच्यापुरता संगणकच बंद पडतो. एन्‌व्हीडीए ही २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत आरंभिलेली मोफत आज्ञावली अशा लोकांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते, मराठीहि वाचते. आवाज गेला म्हणजे दोष शोधण्याचें त्यांचें साधनच गेलें.

अशा वेळीं नवा भागच वाईट निघाला असें ठरवून यंत्र केजला किंवा बीडला धाडण्याची घाई होते. तत्पूर्वीं ध्वनीची वाट समजून घ्यावी. संगणकाच्या पोटांत ध्वनि आंकड्यांच्या रूपानें असतो. सीडीच्या प्रतीच्या आवाजासाठीं प्रत्येक कानामागें सेकंदाला ४४,१०० आंकडे लागतात. एक चिप त्या आंकड्यांचीं विजेचीं कंपनें करते आणि तीं तारेवाटे स्पीकरकडे जातात. विहिरींत पाणी असून वाफा कोरडा राहिला, तर शेतकरी दुसरी विहीर खणीत नाहीं. पाट कोठें फुटला तें पाहतो. येथेंहि तीच रीत उपयोगी पडते.

पहिला प्रश्न हा, कीं बदललें काय? ग्राफिक्स कार्ड बदललें असेल, तर एचडीएमआय तारेंतून चित्राबरोबर आवाजहि जाऊं शकतो. यंत्र पुष्कळदां तीच वाट मुख्य धरतें. आणि मॉनिटरला स्पीकर नसला तर आवाज तेथेंच जिरतो. सेटिंग्जमधील ‘साउंड’ या भागांत आउटपुट म्हणून आपला स्पीकर निवडला, कीं काम झालें.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें १९८९ सालीं ‘साउंड ब्लास्टर’ काढलें, तेव्हां आवाजासाठीं वेगळें कार्ड बसवावें लागे. आज ती चिप बहुधा मदरबोर्डावरच असते. म्हणून मदरबोर्ड बदलला म्हणजे चिपहि बदलते, आणि जुना ड्रायव्हर, म्हणजे तिचा दुभाषी, निरुपयोगी ठरूं शकतो. नव्या बोर्डाच्या नांवाचाच ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्यें चिपचें नांवहि दिसत नसेल, तर बायॉसमध्यें ध्वनि बंद ठेवला आहे काय तें पाहावें. बायॉसमध्यें वाचून दाखविणारी आज्ञावली चालत नाहीं. तेवढ्यापुरती डोळस शेजाऱ्याची मदत घ्यावी.

कॅबिनेट बदललें असेल, तर पुढच्या बाजूच्या इयरफोनची तार बोर्डाला जोडावयाची राहून गेलेली असूं शकते. पाठीमागच्या हिरव्या भोकांत, मोबाइलवर चालत असल्याची खात्री केलेला इयरफोन लावावा. तेथें आवाज आला, तर दोष पुढच्या तारेंतच शोधावा. मात्र पेटी उघडण्यापूर्वीं विजेची तार काढून ठेवावी.

कोणतीहि चाचणी करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां आरंभापासून शोध घ्यावा लागतो.

ज्या घरीं दृष्टिहीन मनुष्य संगणक वापरतो, तेथें एक यूएसबी हेडफोन आधींच आणून ठेवावा. त्याची ध्वनीची चिप त्याच्यांतच असते आणि त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाहीं. बोर्डाचा आवाज बंद पडला, तरी त्या हेडफोनमधून पडद्यावरील मजकूर ऐकूं येतो, आणि वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या त्या माणसाला आपल्या हातानें करतां येतात.