मृगया, शिकार आणि पारध



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींना शब्दांची कुळी शोधण्याचा छंद होता. म्हणून आज तीन शब्द आपल्यापुढे ठेवतो. हरणामागे धावणे ही क्रिया एकच. राजाने केली तर ती मृगया, साहेबाने केली तर शिकार आणि पोटासाठी केली तर पारध. पहिला शब्द संस्कृत, दुसरा फारसी, तिसरा प्राकृतातून आलेला. हे समानार्थी शब्द आहेत, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगितले. शाकुंतल शिकवताना हरणाचा पाठलाग करणाऱ्या दुष्यंताला कुणी गुन्हेगार का म्हणत नाही, हे मात्र मी कधी विचारले नाही.

आपल्या बीदर-कलबुर्गी भागात फासेपारध्याला हरणशिकारी म्हणतात. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाजवळ जाणे आणि फास लावणे, ही त्याची पिढीजात विद्या. सुरपूरच्या बेडरांच्या नावातही शिकारच आहे. कन्नडात बेड म्हणजे शिकारी. पण त्यांच्यापाशी राज्य होते, म्हणून इतिहासाने त्यांना नायक म्हटले.

इंग्रजी अमदानीत बंदुकीची शिकार प्रतिष्ठेचा खेळ झाली. त्याच अमदानीत १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे पारधीही त्यात ओढले गेले. दूर ऑस्ट्रेलियातही असेच घडले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी पोटासाठी कांगारू मारला. मग घोडे आणि शिकारी कुत्रे घेऊन त्याचा पाठलाग हा त्यांचा षोक झाला. १८७७ साली क्वीन्सलंडने त्याच्या संहारासाठी कायदाच केला. ज्या मूळ रहिवाशांचे ते अन्न होते, त्यांना कुणी विचारले नाही.

आपल्याकडचा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. १९७२च्या कायद्याने वन्य जीवांना संरक्षण दिले, हे योग्यच झाले. मात्र दिवाणखान्यातली जुनी शिंगे वैभवाची खूण ठरली आणि पारध्याच्या वाट्याला संशय उरला.

शिक्षकांना एवढीच विनंती. हरणशिकाऱ्याचे मूल वर्गात आले की आपण त्याची हजेरी घेतो. त्याच्या पूर्वजांचीही हजेरी होत असे, पण ती पोलिसांपुढे. त्या मुलाचे नाव उच्चारताना हा फरक आपल्या आवाजात उमटू द्या.