वेबसाइटचं भाडं देशोदेशी वेगळं का?

शेतात, चुलीपाशी, कंपनीच्या बसमध्ये, जिथं असाल तिथून ऐकताय, बरं वाटतं. आज जरा पैशांचंच बोलायचंय.

चाकणजवळच्या आमच्या बचत गटानं मसाला आणि भाजणी विकायला वेबसाइट काढली. ज्यानं करून दिली तो म्हणाला, "परदेशातला सर्व्हर आहे ताई, वर्षाला फक्त ९०० रुपये." आम्ही खूश. दुसऱ्या वर्षी मागणी आली ३,८०० ची! आमची बचत महिन्याला शंभर रुपये. म्हणजे तीन जणींच्या वर्षभराच्या बचतीहून जास्त. दुसरीकडे जावं म्हटलं तर कळलं, वेबसाइटचं नाव त्यानं स्वतःच्याच नावावर घेतलंय. घर आपण बांधलं आणि सातबारा दुसऱ्याचा, तसं झालं.

तेव्हापासून मी विचारत सुटले. मोबाइलचा डेटा आपल्याकडं एवढा स्वस्त, मग वेबसाइटची जागा परदेशात स्वस्त कशी?

आधी डेटाचं. भारतात लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. तेव्हा विकणारा एकच, म्हणून भाव तो सांगेल तो. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. मोबाइलवर २०१४ साली एक जीबीला सरासरी २६९ रुपये पडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बाकीच्यांनाही भाव पाडावे लागले, आणि २०१८ पर्यंत तोच जीबी बारा रुपयांच्या आसपास आला. टॉवर एकदा उभा राहिला की खर्च कोट्यवधी गिऱ्हाइकांत वाटला जातो. गिऱ्हाईक थोडं आणि विकणारा एकच असला, की तेच उलटं होतं.

आता वाट. समजा चाकणचा कांदा चाकणमध्येच विकायचाय, पण तो आधी वाशीला न्यायचा आणि तिथून परत आणायचा. भाडं दोन्हीकडचं! आपल्या इंटरनेटचं अगदी असंच चालायचं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकानं दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला ईमेल पाठवला, तर दोघंही भारतात असून तो परदेशात जाऊन परत यायचा, कारण कंपन्या इथं एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली आणि देशातला माल देशातच बदलायची सोय झाली. जर्मनीत फ्रँकफर्टला, हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला असे प्रचंड बाजार आहेत, शेकडो कंपन्या एकाच जागी जोडलेल्या. म्हणून तिथं वाहतूक स्वस्त.

परदेशाशी आपण जोडलेलो ते समुद्राखालच्या केबलनं. पश्चिमेकडच्या बऱ्याच केबली मुंबईत किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या आणि इथं भारतात इंटरनेट रखडलं. आफ्रिकेतल्या चाडसारख्या देशाला तर समुद्रच नाही. त्याला शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट मागावी लागते, आणि शेजारी फुकट थोडीच देतो!

मग सर्व्हरची जागा. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असलेला संगणक. तो तापतो, त्याला गार ठेवायला वीज लागते, वीज गेली तर डिझेल लागतं. स्वीडनमध्ये लुलेओ गावात फेसबुकचं केंद्र बाहेरच्या थंड हवेवर गार होतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ते कसं जमायचं? त्यात यंत्रं बहुतेक परदेशातून, डॉलरच्या भावानं. अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवरून एक जीबी बाहेर पाठवायला अमेरिकेत व्हर्जिनियात ९ सेंट, मुंबईत जवळपास ११, ब्राझीलमध्ये साओ पावलोला १५, असा भाव बरीच वर्षं होता. कंपनी एकच, काम एकच, गाव वेगळं.

पण इथंही आता दिवस बदलतायत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली, पुढं पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडीकडं जमिनीही घेतल्या. मुंबईच्या केबली जवळ, पुण्यात माणसं शिकलेली, म्हणून. त्या जमिनींवर आपल्या पोरींना काम मिळेल का, तो वेगळा विषय. एकदा त्यावरही बोलू.

मग आपण कुठं घ्यायचं? आमचं गिऱ्हाईक भोसरी, मोशी, निगडीचं. अमेरिकेतून एक फेरी म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एका पानाला अशा कितीतरी फेऱ्या लागतात, आणि फोटो उघडेपर्यंत बाई कंटाळून दुसरीकडं जाते. तिच्यासाठी मुंबई-पुण्याचा सर्व्हर बरा. नुसता पत्ता आणि फोन नंबर दाखवायचा असेल, तर परदेशातला स्वस्त चालेल.

कुठूनही घ्या, कागदावर चार गोष्टी लिहून मागा. सर्व्हर कुठल्या देशात? दुसऱ्या वर्षी किती? १८ टक्के जीएसटी धरून का वेगळा? आणि नाव कुणाच्या नावावर? ते गटाच्याच नावावर आणि गटाच्याच ईमेलवर हवं. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असंही नाव घेता येतं, म्हणजे आमच्या सासूबाईंनाही वाचता येईल.

आमचं नाव सोडवून घ्यायला चार महिने गेले. येत्या सोमवारी गटाची बैठक आहे. दोन कोटेशनं आलीत, एक पुण्याचं, एक जर्मनीतल्या सर्व्हरचं. दुसऱ्या वर्षाचा भाव दोघांनीही लिहिला नव्हता, म्हणून दोन्ही परत पाठवलीत. पुण्याच्या माणसाचं उत्तर काल आलं. दुसऱ्याची वाट बघतोय.