समुद्राचा खर्च आणि आपली पेरणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाकरी थापणाऱ्या हाताला भाषण कोठून यावे? पण बाई म्हणाल्या, "दुपारी वर्तमानपत्र वाचून ओट्यावर जे बोलता, तेच इथे बोला." म्हणून धीर करून उभी राहिले आहे. चुकले तर पदरात घ्यावे.

मी विषय घेतला आहे समुद्राचा. काही जणी हसलात, ते मला दिसले. हसण्यासारखेच आहे. कुठे पालम आणि कुठे समुद्र! मी स्वतः आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला, तोही नात्यातल्या लग्नासाठी मुंबईला गेले तेव्हा, दहा-पंधरा मिनिटे. पण हा विषय माझ्या मनात शिरला तो रागाने शिरला, ते आधी सांगते.

२०२१ सालच्या जून महिन्यात पेपरात बातमी होती. केंद्र सरकारने खोल समुद्राच्या मोहिमेला मंजुरी दिली, आणि पाच वर्षांसाठी खर्च धरला ४०७७ कोटी रुपये. तीन माणसांना घेऊन ६००० मीटर खोल उतरणारे यान बांधायचे, समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा, हवामान कसे बदलत आहे ते पाहायचे, अशी त्यात कामे होती. मी पेपर खाली टाकला आणि मालकांना म्हटले, "आमच्या बाया उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी उभ्या राहतात, आणि हे समुद्राचा तळ शोधायला निघाले!" तो पैसा काही कोणा एकाच्या घरचा नाही. आपण तेल-साबण विकत घेतो, त्यातही कर असतो. मोलमजुरी करणारी बाईसुद्धा सरकारी तिजोरीत भर घालते. तेव्हा विचारण्याचा हक्क मला आहे, असे मला वाटले आणि आजही वाटते.

मग संध्याकाळी मुलाला पाटीपेन्सिल घेऊन बसविले आणि हिशेब करविला. देशात माणसे सुमारे १४० कोटी. भागाकार आला माणशी २९ रुपये, तेही पाच वर्षांचे. वर्षाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. सहा माणसांच्या घराला वर्षाचे पस्तीस रुपये. राग थोडा उतरला. पण प्रश्न उरलाच. पस्तीस रुपयांची भाजी घेतली तरी आपण जुडी उलटीपालटी करून पाहतो. मग या पस्तीस रुपयांत आपल्याला काय मिळते, हे पाहायला नको का?

भगिनींनो, याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. आमच्या शेतात मिळाले.

२०१५ साल आठवा. जून महिन्यात बरा पाऊस पडला. सगळ्यांनी तिफण जुंपली, आम्हीही सोयाबीन पेरले. उगवण छान झाली. आणि पाऊस जो गेला, तो गेलाच. जुलै महिना कोरडा ठणठणीत. माझ्या डोळ्यांदेखत दोन पानांवर आलेली रोपे करपली. दुबार पेरणीला बियाणे आणायचे तर घरात पैसा नव्हता. मी हातातल्या दोन पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या. पुढे एक सोडविली, दुसरी गेली ती गेली. ते पीकही धड हाती लागले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही सर्व जाणता.

तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. पुढे कळले की त्या वर्षी इथून हजारो कोस दूर, प्रशांत महासागरात, पाणी नेहमीपेक्षा फार तापले होते. त्याला एल निनो म्हणतात. ते पाणी तापले की आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा रोडावतो. पुष्कळदा म्हणते, नेहमी नव्हे. १९९७ साली तर एल निनो फार जोराचा होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. असे का, याचा एक धागा आपल्या हिंदी महासागरात सापडला. आफ्रिकेकडचे पाणी आणि सुमात्राकडचे पाणी यांचे तराजूसारखे आहे. आफ्रिकेकडचे पारडे उबदार झाले की बहुधा आपल्या पावसाला हात मिळतो. साजी नावाचे भारतीय शास्त्रज्ञ आणि जपानमधले त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली हे जगापुढे मांडले. म्हणजे माझ्या पाटलीचा हिशेब समुद्रात होता, आणि मी तो सोनाराच्या दुकानात शोधत होते!

आता हे समुद्राचे तापमान मोजतात कसे? समुद्रात नळकांड्यासारखी यंत्रे सोडलेली असतात, त्यांना आर्गो म्हणतात. ते यंत्र आपोआप दोन हजार मीटरपर्यंत बुडते, दर दहा दिवसांनी वर येते आणि खालच्या पाण्याची ऊब व खारटपणा उपग्रहाला कळविते. जगभरात अशी सुमारे चार हजार यंत्रे आहेत, आणि अनेक देशांनी मिळून ती सोडली आहेत. आपल्याकडे हे काम हैदराबादची सरकारी संस्था पाहते. हैदराबाद आपल्याला परके नाही. आपले आजे-पणजे त्याच राज्यात नांदले. गोव्यालाही १९६६ साली स्थापन झालेली समुद्राच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आहे. या नोंदी पुण्याच्या हवामान संस्थेत मोठ्या गणकयंत्रांवर मांडतात. पावसाचा अंदाज सुधारावा म्हणून २०१२ सालापासून सरकारने 'मान्सून मिशन' चालविले. आणि शेवटी तो अंदाज परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातून आपल्या धाकट्या दिराच्या मोबाईलवर येतो.

एक गोष्ट आपल्यासारख्या बायांना चटकन समजेल. या यंत्रांची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते. मग नवे सोडावे लागते. एखाद्या वर्षी पैसा दिला नाही तर नोंद तुटते. हे घरच्या विरजणासारखे आहे. रोज थोडे राखून ठेवले तर उद्याचे दही लागते. पण आपले विरजण संपले तर शेजारणीकडून वाटीभर आणता येते. गेलेल्या वर्षीच्या समुद्राची नोंद कोणाकडून आणणार? म्हणून असल्या कामाला एकदाच भरमसाट आणि नंतर काहीच नाही, असे चालत नाही. थोडा का होईना, पण नेमाने पैसा लागतो.

२०२३ साली मृग कोरडा गेला. आर्द्रात थोडी सर आली आणि मालक पेरायला निघाले. मी वाटेत उभी राहिले. सल्ला होता की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आमच्या घरात त्या दिवशी चांगलेच वाजले. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाने पेरणीला आडवे जाऊ नये." पण आम्ही थांबलो, जुलैत ओल चांगली झाल्यावर पेरले, आणि दुबार पेरणी टळली. खोटे कशाला सांगू? त्या साली ऑगस्ट देशभर कोरडा गेला; १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. उतारा कमीच आला. अंदाज म्हणजे काही देववाणी नव्हे. पण बियाण्याचे पैसे दोनदा गेले नाहीत, आणि उरलेली पाटली हातात राहिली. ही पाहा.

आता दुसरी बाजू. समुद्र राखायचा म्हणजे यंत्रे सोडून भागत नाही. किनारा आणि तिथले जीवही राखावे लागतात. पण राखायचे म्हटले की गरिबाला वाटते, आपले पोट मारणार. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, तर तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. तो विरोध मला समजतो. उद्या आपल्या गायरानाला कुंपण घालून कोणी म्हणाले की शेळी आत नेऊ नका, तर आपणही भांडू. पण पैसा नीट ठिकाणी दिला तर काय होते, तेही पाहा. २०१८ च्या डिसेंबरात आपल्या राज्य सरकारने ठरविले की, जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव सापडला आणि कोळ्याने जाळे कापून त्याला सोडले, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. जाळे म्हणजे कोळ्याची तिफण. ती तुटली तर त्याने खावे काय? हे ओळखून दिलेला पैसा मला पटतो.

आणि वेंगुर्ल्याला तर आपल्यासारख्याच बायांनी नाव काढले आहे. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बाया मांडवीच्या खाडीत होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना कांदळवन दाखवितात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उगवणारी झाडी. ती लाटा अडवते आणि तिच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. सुरुवातीला त्यांना सरकारी व परदेशी योजनेतून मदत मिळाली. आज झाडी उभी आहे म्हणून त्यांची चूल पेटते. मग ती झाडी त्या कोणाला तोडू देतील का?

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. समुद्रावर आणि राखीव जागांवर सरकारने खर्च जरूर करावा, नेमाने करावा. पण दोन गोष्टी पाळाव्यात. जिथली जागा राखता, तिथल्या माणसाचे पोट आधी राखा. आणि जे ज्ञान मिळेल ते आमच्या शेतापर्यंत, आमच्या भाषेत, वेळेवर पोचवा. मोबाईल पुरुषाच्या खिशात आणि खुरपे बाईच्या हातात, असे असून चालणार नाही. माझी सूचना आहे की मंडळाने या मृगापासून दर आठवड्याला परभणीचा सल्ला फळ्यावर लिहावा. लिहिण्याचे काम मी करीन. माझे अक्षर बरे आहे.

आणि मुलींना शिकवा. समुद्र नसलेल्या आपल्या मराठवाड्यातही उदगीरला मत्स्य विज्ञानाचे महाविद्यालय आहे. "मुलगी मासे शिकून काय करणार?" असे कोणी म्हणाले, तर त्याला माझी पाटली दाखवा.

शेवटी एक सांगते आणि बसते. आपण समुद्राला जात नाही, पण आपली गंगा जाते. पालम तालुक्याला लागून वाहणारी ही गोदामाई नांदेडवरून तेलंगणात, पुढे आंध्रात जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशीही मोठे कांदळवन आहे. आपण घाटावर दिवा सोडतो आणि त्याबरोबर प्लास्टिकची पिशवीही सोडतो. दिवा थोड्या वेळाने विझतो. पिशवी मात्र वाहत राहते. जो समुद्र आपल्याला पाऊस पाठवितो, त्याला आपण परत काय पाठवितो, याचा विचार प्रत्येकीने आपल्या घरी करावा.