चेन्नईहून उत्तरेकडे
चेन्नईला निसर्गदत्त बंदर नाही. एकोणिसाव्या शतकात जहाजावरील प्रवासी काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून, लाटांचे तडाखे सोशीत किनारा गाठत. पुढे बंदराच्या भिंती उभ्या राहू लागल्या, तर १८८१ च्या चक्रीवादळाने त्या मोडल्या. बेत फिरवणारा तेव्हा समुद्रच असे.

जून २०२२ मध्ये मात्र निराळे घडले. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे सहलीचे जहाज चेन्नईहून उत्तरेस विशाखापट्टणमला गेले. परतताना पुदुच्चेरीचा मुक्काम ठरला होता. परंतु जहाजावरील कॅसिनोवरून तेथे विरोध उठला आणि प्रशासनाने परवानगी दिली नाही. तिकिटे विकण्याआधी असा प्रश्न सुटावयास हवा, एवढे खरे. किनाऱ्यानजीक आलेले जहाज प्रवाशांना न उतरवताच चेन्नईकडे वळले.