चित्रे आधी आणून ठेवताना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी संकेतस्थळावरील चित्रांविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय तांत्रिक वाटेल. परंतु ज्या घरात एकाच मोबाईलवर तीन भावंडे अभ्यास करतात, त्या घराशी त्याचा निकटचा संबंध आहे.

बटणावर माऊस नेताच त्याचे चित्र बदलते, हे आपण पाहिले असेल. हे दुसरे चित्र ब्राउझर आधी आणत नाही. गरज पडल्यावर मागवतो. म्हणून बटण क्षणभर कोरे दिसते. घरी दावत असली, तर पाहुणे दस्तरखानावर बसल्यावर आपण चूल पेटवतो काय? त्याचप्रमाणे चित्रही आधी आणून ब्राउझरच्या साठ्यात ठेवावे.

याच्या दोन रीती आहेत. पहिली जावास्क्रिप्टची. 'न्यू इमेज' लिहून एक रिकामे चित्र निर्माण करावे आणि त्याच्या 'एसआरसी'ला फाईलचा पत्ता द्यावा. पानावर काहीच दिसत नाही, पण चित्र येऊन साठ्यात बसते. आल्याची वर्दी 'ऑनलोड' देतो, न आल्याची 'ऑनएरर'. १९९६ साली नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय आली.

दुसरी रीत सीएसएसची. 'बॉडी'च्या 'आफ्टर' या भागात 'कंटेंट' म्हणून चित्रांचे पत्ते द्यावेत आणि त्याची उंची-रुंदी शून्य करून 'ओव्हरफ्लो हिडन' लिहावे. बटणापुरते पाहिले, तर याहून सोपा उपाय असा, की दोन्ही चित्रे एकाच फाईलमध्ये शेजारी-शेजारी ठेवावीत आणि 'बॅकग्राउंड पोझिशन' सरकवावी. मग वेगळे आणावयाचे काही उरतच नाही.

आता माझी चूक सांगतो. शाळेच्या पानावर मी स्नेहसंमेलनाची १२ छायाचित्रे आधी आणण्याची व्यवस्था केली. प्रत्येकी ५०० केबी, म्हणजे एकूण ६ एमबी. शाळेच्या संगणकावर सारे झकास चालले. परंतु सेकंदाला १०० किलोबिट वेग असेल, तर एवढ्याला ८ मिनिटे लागतात, हा हिशेब मी केलाच नव्हता. त्याच पानावर शिष्यवृत्तीचा अर्ज होता. आठवीतील एका मुलीची आई शाळेत आली व म्हणाली, "सर, रात्रभर नुसतं चक्र फिरत होतं. आज शेवटची तारीख आहे." अर्ज आम्ही तेथेच भरला, पण मान माझी खाली गेली. पन्नास पाहुण्यांसाठी पाचशेंचे जेवण रांधून मी दारच अडवले होते.

तात्पर्य, वाचकाला पुढच्याच क्षणी नक्की लागेल तेवढेच चित्र आधी आणावे, आणि तेही पान पूर्ण उघडल्यावर. खालची छायाचित्रे 'लोडिंग लेझी' लिहून मागे ठेवावीत. क्रोममध्ये ही सोय २०१९ पासून आहे. त्याआधी छायाचित्राचा आकार कमी करावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण उद्या संकेतस्थळे तयार करतील. तुमचे काम शाळेच्या संगणकावर तपासून थांबू नका. घरी जा, आईचा जुना मोबाईल मागून घ्या आणि त्यावर ते उघडून पाहा. तेथे ते उघडले, तरच ते उत्तीर्ण झाले असे समजा.