ठाण्याचा किल्ला आणि गव्हर्नर हॉर्नबी

दिव्याहून लोकलने ठाण्याला गेले, की स्टेशनपासून थोड्याच अंतरावर मध्यवर्ती कारागृहाची दगडी तटबंदी दिसते. हा खरा पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला.

विल्यम हॉर्नबी १७७१ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. पुण्यात पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर माजलेली दुफळी त्याने नेमकी हेरली. त्यातच पोर्तुगीज साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, परत घेणार, अशी आवई उठली. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी किल्ल्याला खिंडार पाडून तो घेतला. इंग्रजांचा कमोडोर वॉटसन या लढाईत प्राणाला मुकला, आणि मराठ्यांच्या शिबंदीची निर्दयपणे कत्तल झाली.

पुढे सुरतेचा तह करून हॉर्नबीने पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांची बाजू घेतली. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने तो तह नामंजूर केला, तरी गडी हटला नाही. पुण्यावर चालून निघालेल्या त्याच्या फौजेला जानेवारी १७७९ मध्ये मराठा सरदार महादजी शिंद्यांनी वडगावला शरण आणले. साष्टी परत देण्याचे तिथे लिहून दिले गेले. हॉर्नबीने ते साफ नाकारले. हा उघड वचनभंगच होता.

१७८२ च्या सालबाईच्या तहात, या युद्धात इंग्रजांनी घेतलेली वसई मराठ्यांना परत मिळाली. ठाणे आणि साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.