सोडलेलं पुस्तक, सुटलेलं पुस्तक

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, 'बायकांना वाचनाची गोडी कशी लावावी?' मी तो जरा बदलून घेतला आहे, कारण गोडी नाही हे मला मुळात मान्यच नाही. मी बोलणार आहे अर्ध्यात राहिलेल्या पुस्तकांबद्दल.

मूर्तिजापूर-दर्यापूर भागातल्या बचत गटांमध्ये आम्ही पुस्तकांची पेटी फिरवतो. बैठकीला पेटी उघडायची, जिला जे आवडेल ते तिनं न्यायचं, पुढच्या महिन्यात परत आणायचं. गावात वाचनालय असलं तरी संध्याकाळी तिथं पेपर वाचत पुरुष बसलेले असतात. आपल्या बाया तिथं पाऊल टाकत नाहीत. म्हणून पेटी. पुस्तक परत आलं की मी विचारायची, "झालं का वाचून?" बाई मान डोलवायची. पण पुस्तक खरं सांगायचं. कुठं आगकाडी, कुठं एसटीचं तिकीट, कुठं दुमडलेला कोपरा, आणि बहुतेक ठिकाणी ते विसाव्या-तिसाव्या पानाच्या आत. मी वहीत लिहिलं, 'वाचनात सातत्य नाही.' समाजकार्याची पदवी घेतली की असली वाक्यं आपोआप सुचतात.

पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत एकीनं मला सुनावलं. "सातवं पान म्या चारदा वाचलं, ताई. वाचाले बसलं का कोनी ना कोनी हाक मारते. मंग मांगचं आठवत नाही, पुन्हा पयल्यापासून." म्हणजे पाच पानं पुढे सरकलेली बाई प्रत्यक्षात वीस पानं वाचत होती. २०१९ साली देशात वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. पण मिनिटं मोजून पुरत नाही. तिच्या वाट्याला अर्धा तास आला तरी तो पाच-सहा तुकड्यांत येतो, आणि कादंबरी अशी तुकड्यांत वाचता येत नाही. हल्ली सगळा दोष मोबाइलवर टाकायची सोय झाली आहे. आमच्या गटातल्या कित्येक घरांत तो मोबाइलही मुलाच्या हातात असतो.

दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच शिक्षक-लेखकानं १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यातला तिसरा हक्क, पुस्तक पूर्ण न करण्याचा. मला तो फार आवडतो. पण आपल्या भाषेत सोडणं आणि सुटणं हे दोन वेगळे शब्द आहेत. हक्क सोडण्याचा आहे. चारदा सातव्या पानावर आलेल्या बाईनं पुस्तक सोडलेलं नाही, तिच्या हातून ते सुटलं आहे.

उलटंही घडतं, आणि तिथं चूक माझी झाली. एका बाईला मी मुद्दाम एक कादंबरी दिली होती. नवऱ्याच्या मारातून बाहेर पडणाऱ्या बाईची. तिनं पुढच्याच बैठकीत परत केली. म्हणाली, "पुढं थो तिले मारते का? मारत असन तं मले नाही वाचाचं." मी म्हटलं, अहो, शेवट चांगला आहे, वाचा तर खरं. ती म्हणाली, "शेवटापर्यंत जा तं लागते ना." तरी मी पुस्तक तिच्या पिशवीत घातलंच. त्यानंतर दोन महिने ती बैठकीला आली नाही. तिनं विचार करून सोडलं होतं, आणि मी ते सुटलंय असं समजून तिच्या हातात कोंबत होते.

आता माझी स्वतःची गोष्ट. अकोल्यात कॉलेजच्या मुलींसमोर मी ताराबाई शिंद्यांवर बोलले. आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या. १८८२ सालचं त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना'. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, मग पुस्तक विस्मरणात गेलं, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. हे सगळं मी घडाघडा सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शेवटी त्या काय म्हणतात?" मला सांगता येईना. एवढंसं पुस्तक, पण जुनी मराठी, लांबच लांब वाक्यं; भाषणापुरतं हाती लागलं तिथं मी थांबले होते. मला कुणी हाक मारत नव्हतं. माझ्याकडे टेबल आहे, दिवा आहे, दाराला कडी आहे. तरी 'सातत्य नाही' असा शेरा माझ्याबद्दल कुणी वहीत लिहिला नाही.

त्या वेळेपासून दोन गोष्टी बदलल्या. 'झालं का?' हे विचारणं बंद केलं, आणि परत आणायची मुदत काढून टाकली. त्यामुळे तीन पुस्तकं हरवली, तेही सांगायला हवं. आणि बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्येच उठून जाणारीला पुढच्या वेळी शेजारीण दोन वाक्यांत मागचं सांगते. दोन महिने न आलेली ती बाई आता येते. वाचत नाही, ऐकते, आणि मारझोडीचा भाग आला की पाणी प्यायला उठते. तिला कुणी थांबवत नाही.

सध्या ताराबाईच वाचतो आहोत. अडलेला शब्द म्हाताऱ्या बायांना विचारायचा. पुष्कळदा त्यांना तो माहीत असतो. मी पहिल्यांदा जिथं थांबले होते, त्याच्या पुढं गेल्या आठवड्यात पोचलो.